स्वप्नात आपण दुसरेच कुणी असतो तेव्हा…

काही स्वप्नं डोळे उघडताच विरून जातात. काही मात्र दिवसभर पाठ सोडत नाहीत. त्यातला एक प्रकार तर फारच चमत्कारिक. त्या स्वप्नात आपण ‘आपण’ नसतोच. नाव निराळं, घर निराळं, काळही निराळा. कधी तरुण माणूस म्हातारा झालेला असतो, कधी बाईचा पुरुष झालेला असतो. प्रत्यक्षात नसलेली मुलं स्वप्नात आपली असतात आणि त्यांची काळजी अगदी खरी वाटते. जाग आल्यावर दोन-चार क्षण आपलीच खोली परकी भासते.

असं स्वप्न चारचौघांत सांगितलं की उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. कुणी म्हणतं, रात्री उशिरा जेवलात, दुसरं काय! आणि स्वप्न पाहणाऱ्याला मनातल्या मनात वेगळीच धास्ती वाटते, की आपलं डोकं ठिकाणावर आहे ना?

मागचा जन्म, मेंदूचा निरर्थक खेळ की वेडाची चाहूल? या तिन्ही शंका एका डॉक्टरला स्वतःबद्दलच आल्या आणि त्यांचा माग काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. ते म्हणजे स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग. त्यांच्या सगळ्या कल्पना आजच्या विज्ञानाला मान्य नाहीत. पण अशा स्वप्नाला हाताळावं कसं, हे त्यांच्या आयुष्यातून चांगलं कळतं.

बक्कलच्या बुटांचा म्हातारा

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठच्या केसविल या गावी झाला. वडील पाद्री होते. कार्ल चार वर्षांचा असताना हे कुटुंब बाझल शहराजवळच्या क्लाइनह्युनिंगेन या गावी राहायला आलं. घरातली हवा कोंदट होती. वडिलांची श्रद्धा डळमळीत झाली होती आणि ते दुःख ते कुणापाशी बोलत नव्हते. आई दिवसा गप्पिष्ट, हसरी. रात्री मात्र ती कुणी निराळीच बाई वाटे आणि मुलाला तिची भीती वाटे. धाकटी बहीण नऊ वर्षांनी लहान. त्यामुळे कार्ल बहुतेक वेळ एकटा, आपल्याच तंद्रीत असायचा.

तो बारा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एका श्रीमंत मित्राच्या घरी, ल्युसर्न सरोवराकाठी, तो राहायला गेला होता. नाव नीट चालवा, अशी ताकीद मिळालेली असूनही त्याने उभं राहून वल्हं मारलं. मित्राच्या वडिलांनी किनाऱ्यावर बोलावून घेऊन त्याला चांगलंच झापलं. चूक आपलीच आहे हे कार्लला कळत होतं. तरी आतून संताप उसळला, की या माणसाने माझ्यासारख्या मोठ्या, मानी माणसाचा अपमान करावा? पुढच्याच क्षणी तो स्वतःच चक्रावला. कारण समोर उभा होता तो शाळकरी पोरगा. मग हा मोठा माणूस कोण?

तो मोठा माणूस त्याला स्पष्ट दिसत होता. अठराव्या शतकातला एक वृद्ध, पायात बक्कलचे बूट, डोक्यावर पांढरा केसांचा टोप, बसायला घोडागाडी. तशीच एक जुनी हिरवी घोडागाडी ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूने येऊन त्याच्या घरासमोरून गेली, तेव्हा ही आपल्याच काळातली गाडी आहे, असं वाटून तो हरखून गेला होता. एका नातलगाच्या घरी जुन्या काळच्या एका डॉक्टरची भाजलेल्या मातीची मूर्ती होती. तिच्या पायातले बक्कलचे बूट पाहून हे तर माझेच बूट, अशी त्याची खात्री पटली. त्या दिवसांत वहीत १८८६ लिहायच्या ऐवजी त्याच्या हातून १७८६ लिहिलं जाई आणि मन उगाचच हुरहुरे.

याच मुलाने ‘मी पूर्वजन्मी अमुक होतो’ असं जाहीर केलं असतं, तर ऐकणारे मिळाले असते. घराण्यात तशी आख्यायिकाही होती. त्याचे आजोबा, ज्यांचं नाव त्याला ठेवलं होतं, ते कवी ग्योटेचे अनौरस पुत्र होते, अशी कुजबुज होती. पुरावा काहीच नव्हता. कार्लने कुणालाच काही सांगितलं नाही. आपल्यात दोन माणसं आहेत, एवढी नोंद त्याने मनात करून ठेवली. शाळेत जाणारा, गणिताला घाबरणारा तो पहिला आणि हा वृद्ध तो दुसरा. पुढे त्यांनी सांगितलं, की ही फूट म्हणजे आजार नव्हता; थोड्याफार प्रमाणात ती प्रत्येकाच्या मनात असते.

विद्यार्थिदशेत त्यांना पडलेलं एक स्वप्न इथे महत्त्वाचं आहे. रात्रीची वेळ, दाट धुकं, समोरून झंझावाती वारा. दोन्ही तळव्यांच्या आडोशात एक इवलासा दिवा आणि तो विझू द्यायचा नाही, एवढंच ठाऊक. मागे वळून पाहिलं तर एक प्रचंड काळी आकृती पाठलाग करते आहे. जाग आल्यावर त्यांना उलगडलं, की ती आकृती म्हणजे त्या दिव्यामुळे धुक्यावर पडलेली आपलीच सावली आणि दिवा म्हणजे आपली जाणीव, आपलं जागेपण. आतला ‘दुसरा’ कितीही मोठा वाटला तरी जगायचं आहे ते या छोट्या दिव्याच्या उजेडात, हा निर्णय त्यांनी तेव्हा घेतला.

मामेबहीण आणि तिचे ‘मागचे जन्म’

बाझल विद्यापीठात युंग वैद्यकशास्त्र शिकले. १८९६ मध्ये वडील वारले आणि ओढग्रस्तीत शिक्षण पुरं करावं लागलं. याच सुमारास नात्यातली काही मंडळी जमून मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका भरवत असत. त्यात ‘अंगात येणारी’ होती ती युंग यांची मामेबहीण, हेलेने प्राइस्वर्क. वय पंधरा-सोळा. एरवी बुजरी आणि साधी असलेली ही मुलगी तंद्री लागली की प्रौढ, गंभीर स्त्रीसारखी बोले. बाझलची बोली सोडून शुद्ध जर्मन वापरे. आपले मागचे अनेक जन्म ती सांगू लागली. त्यातल्या एका जन्मी म्हणे ती प्रेव्होर्स्ट गावची प्रसिद्ध द्रष्टी स्त्री होती.

युंग यांनी हा विषय आपल्या प्रबंधासाठी घेतला. तो १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या तपासातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी, की प्रेव्होर्स्टच्या त्या स्त्रीवरचं पुस्तक या मुलीच्या वाचनात आधीच आलेलं होतं. वाचलेलं विसरलं जातं, पण पुसलं जात नाही. पुढे ते आपल्याच अनुभवाचं रूप घेऊन वर येतं आणि ही मुळात आठवण आहे, हे त्या माणसालाही कळत नाही. याला ‘क्रिप्टोम्नेशिया’, म्हणजे लपलेली स्मृती म्हणतात. दुसरी गोष्ट अधिक हळवी होती. तंद्रीतली ती भारदस्त स्त्री परकी कुणी नव्हती. त्या दबून राहिलेल्या मुलीला जशी मोठी व्हायचं होतं, तशीच ती होती. पुढे या मुलीने चमत्कारांत भर घालण्यासाठी लबाडी केल्याचंही युंग यांना आढळलं आणि त्यांनी बैठका सोडल्या. हेलेने नंतर फ्रान्समध्ये शिवणकाम शिकली आणि कपडे बेतण्यात चांगली निपुण झाली. म्हणजे तंद्रीतली कर्तबगार बाई काही अंशी प्रत्यक्षात उतरली. वयाच्या तिशीतच मात्र ती वारली.

याच काळात जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ थिओडोर फ्लूर्न्वा यांचा असाच एक अभ्यास गाजत होता आणि युंग यांच्यावर त्याचा मोठा प्रभाव पडला. तिथल्या एका दुकानात काम करणारी स्त्री तंद्रीत गेली की आपण पंधराव्या शतकातली हिंदुस्थानातली राणी ‘सिमंदिनी’ आहोत, असं सांगे. कानडी मुलुखातला चंद्रगिरीचा किल्ला, तो बांधणारा नायक राजा, सन १४०१, असे तपशीलही ती देई. संस्कृतसारखे शब्द बोले. इतिहासकारांना या राजाचा पत्ता लागेना. शेवटी फ्लूर्न्वा यांना १८२८ मध्ये छापलेला हिंदुस्थानचा एक फ्रेंच इतिहास सापडला. त्यात तो किल्ला, तो राजा आणि ते साल, सगळं होतं. ती स्त्री खोटं बोलत होती असं फ्लूर्न्वा यांना वाटलं नाही. कुठेतरी डोळ्यांखालून गेलेल्या मजकुराची तिच्या मनाने कथा रचली होती.

फ्रॉइड, कवट्या आणि जुनं घर

डिसेंबर १९०० मध्ये युंग झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात ऑयगेन ब्लॉइलर यांच्या हाताखाली रुजू झाले. आपण राणी आहोत, आपण देव आहोत असं म्हणणारे रुग्ण तिथे रोज भेटत. त्या बडबडीकडे दुर्लक्ष करण्याची तेव्हा रीत होती. युंग मात्र तासन्‌तास ऐकत बसत आणि त्या भ्रमाचा धागा रुग्णाच्या आयुष्यातल्या कुठल्या दुखऱ्या जागेशी जुळतो ते शोधत. १९०३ मध्ये एमा राउशेनबाख यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

१९०७ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांची भेट झाली. पहिल्याच भेटीत दोघे तब्बल तेरा तास बोलत बसले, असं युंग सांगत. स्वप्न म्हणजे दडपलेल्या इच्छेने घातलेला मुखवटा, ही फ्रॉइड यांची भूमिका. १९०९ मध्ये दोघे अमेरिकेला गेले, त्या प्रवासात ते एकमेकांची स्वप्नं उलगडत. युंग यांना तेव्हा एक स्वप्न पडलं. एक दुमजली घर, आपलंच, पण कधी न पाहिलेलं. वरच्या मजल्यावर अठराव्या शतकातलं सामान, खाली मध्ययुगीन खोल्या, त्याखाली रोमन काळातलं तळघर आणि सगळ्यात खाली एक गुहा, तिच्यात हाडं आणि दोन मानवी कवट्या. फ्रॉइड यांना त्या कवट्यांत कुणाच्या तरी मृत्यूची इच्छा दिसत होती. वाद नको म्हणून युंग यांनी बायको आणि मेहुणीचं नाव सांगून वेळ मारून नेली. त्यांच्या मते ते घर म्हणजे माणसाचं मन होतं. वर आपलं रोजचं आयुष्य आणि खाली पूर्वजांनी जगलेल्या काळाचे थर.

इथूनच त्यांची सामूहिक अबोध मनाची कल्पना आकाराला आली. सगळ्या माणसांच्या मनात काही आद्य प्रतिमा सारख्या असतात, म्हणून स्वप्नात आपण राजा, योद्धा, वृद्ध ऋषी किंवा न पाहिलेल्या काळातली स्त्री होऊ शकतो, असं ते म्हणत. ही कल्पना साहित्याला आणि कलेला फार भावली. प्रयोगाने ती सिद्ध किंवा खोडून दाखवता येत नाही, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप आजही कायम आहे.

उशाशेजारचं पिस्तूल

१९१३ च्या सुरुवातीला फ्रॉइड यांच्याशी असलेलं नातं तुटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आगगाडीत बसलेले असताना युंग यांना जागेपणी दृश्य दिसलं. अर्धा युरोप पुराखाली गेला आहे आणि ते पाणी रक्ताचं होतं आहे. ते स्वतः वेडाचे डॉक्टर. आपल्याला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, होऊ घातला आहे, या भीतीने ते हादरून गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना त्या दृश्याचा निराळा अर्थ लागला. मधले महिने मात्र त्यांनी त्या भीतीच्या सावटाखाली काढले.

१८ डिसेंबर १९१३ च्या रात्री त्यांना स्वप्न पडलं, की एका सावळ्या रानटी माणसाबरोबर डोंगरात दबा धरून त्यांनी जर्मन पुराणातला वीर सिगफ्रिड याला गोळी घातली. इतक्या सुंदर आणि थोर माणसाला मारल्याच्या पश्चात्तापाने जीव कासावीस झाला. जाग आली, पण अर्थ कळेना. पुन्हा झोपू लागले तर आतून ठाम जाणीव झाली, की हे स्वप्न आत्ताच्या आत्ता उलगडलं नाही तर स्वतःवर गोळी झाडावी लागेल. उशाशेजारच्या खणात भरलेलं पिस्तूल होतं. त्या क्षणी त्यांना खरी भीती वाटली. विचार करता करता त्यांना कळलं, की मारला गेलेला तो वीर म्हणजे आपणच. सगळ्यांवर आपलीच इच्छा लादणारा, जिंकायलाच निघालेला असा जो आपला एक अवतार होता, तो संपवायची वेळ आली आहे. स्वप्नाने मागितला होता तो एका वृत्तीचा मृत्यू, देहाचा नव्हे. एवढं समजल्यावर ते झोपू शकले.

स्वप्नाचा शब्दशः अर्थ घेणं किती घातक ठरू शकतं, ते या रात्रीत दिसतं. पुढची काही वर्षं ते आपल्या मनातल्या प्रतिमांना मुद्दाम सामोरे गेले. त्या त्यांनी लिहिल्या, रंगवल्या. ‘रेड बुक’ नावाने ओळखला जाणारा तो ग्रंथ २००९ मध्ये छापून आला. पण यातून ते तरले कसे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. दिवसा ते रुग्ण तपासत. संध्याकाळी घरच्यांबरोबर जेवत. मन फारच भरकटू लागलं की स्वतःला आठवण देत, की आपल्याकडे वैद्यकीची पदवी आहे, बायको आणि पाच मुलं आहेत, क्युसनाख्ट गावात अमुक क्रमांकाच्या घरात आपण राहतो. नाव, गाव, घर, काम हेच त्यांचे नांगर होते.

या काळातल्या त्यांच्या वागण्याला काळी बाजूही आहे. एकेकाळची रुग्ण आणि नंतरची सहकारी टोनी वोल्फ यांच्याशी त्यांचे संबंध होते आणि एमा यांना ते सोसावे लागले. पुढे १९३३ नंतर नाझी राजवटीच्या काळात मानसोपचारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. त्यावरची टीका आजही थांबलेली नाही. इतरांच्या मनातल्या अंधारावर बोलणाऱ्या या माणसाला आपला अंधार नेहमीच दिसला, असं म्हणता येत नाही.

स्वप्न विचारायचं कसं?

या सगळ्या अनुभवातून युंग यांची पद्धत घडली. स्वप्नांचे ठरावीक अर्थ देणारी पुस्तकं त्यांनी निरुपयोगी मानली. साप म्हणजे अमुक आणि पाणी म्हणजे तमुक, असं काही नसतं. त्या त्या माणसाला त्या गोष्टीवरून काय आठवतं, हे आधी विचारायचं. एकाच स्वप्नावरून निष्कर्ष काढायचा नाही, पुष्कळ स्वप्नं ओळीने पाहायची. आणि स्वप्नातली पात्रं ही बहुधा पाहणाऱ्याच्याच मनाचे तुकडे असतात, हे धरून चालायचं.

त्यांचा मुख्य सिद्धांत समतोलाचा होता. जागेपणी आपण एकाच बाजूला झुकलेले असतो. स्वप्न दुसरं पारडं जड करतं. एका रुग्ण स्त्रीचे उपचार पुढे सरकत नव्हते. युंग यांना स्वप्न पडलं, की ती एका उंच मनोऱ्याच्या टोकाशी बसली आहे आणि तिला नीट पाहण्यासाठी त्यांना मान खूप मागे टाकावी लागते आहे. स्वप्नात तिच्याकडे इतकं वर पाहावं लागतं, म्हणजे जागेपणी आपण तिला खाली लेखत असणार, हे त्यांनी ओळखलं. तिला त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं आणि उपचारांना गती आली.

दुसरंच कुणी होऊन जगण्याच्या स्वप्नालाही हीच फूटपट्टी लावता येते. घरात शब्द न काढणारी सून स्वप्नात गावाची सरपंच असते. सतत जबाबदारीखाली वाकलेला माणूस स्वप्नात एकटाच फिरणारा बैरागी असतो. अशा वेळी मी तो होतो का, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्याजवळ असं काय आहे जे माझ्याजवळ नाही, हा प्रश्न विचारला तर हाती काही लागण्याची शक्यता अधिक.

हिंदुस्थानात पडलेलं स्वप्न

१९३७ च्या डिसेंबरमध्ये युंग मुंबईच्या बंदरात उतरले. इंडियन सायन्स काँग्रेसच्या पंचविसाव्या वर्षाच्या सोहळ्यासाठी सरकारने त्यांना बोलावलं होतं. सांचीचा स्तूप पाहून ते भारावले. कलकत्ता, बनारस आणि अलाहाबाद या विद्यापीठांनी त्यांना मानद पदव्या दिल्या. कलकत्त्यात मात्र आमांशाने गाठलं आणि दहा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

बरे झाल्यावर एका रात्री त्यांना स्वप्न पडलं. त्यात हिंदुस्थानचा मागमूस नव्हता. इंग्लंडच्या दक्षिणेला असावं तसं एक बेट, त्यावर मध्ययुगीन किल्ला आणि युरोपीय दंतकथेतला येशूचा पवित्र प्याला आणण्याची जबाबदारी. सोबतचे एकेक करून गळाले आणि शेवटी थंडगार खाडी एकट्यानेच पोहून जायची वेळ आली. हिंदुस्थानच्या अध्यात्माने दिपलेल्या युंग यांना या स्वप्नाने जणू कोपरापासून हात धरून घरी नेलं. दुसऱ्याचं ज्ञान उसनं घेऊन दुसऱ्यासारखं जगणं हे आपलं काम नाही, आपले प्रश्न आपल्या मातीतलेच आहेत, असा अर्थ त्यांनी घेतला.

हिंदुस्थान त्यांच्या मनातून गेला मात्र नाही. १९४४ च्या सुरुवातीला त्यांचं पायाचं हाड मोडलं आणि त्यापाठोपाठ हृदयविकाराचा झटका आला. मरणाच्या दारात असताना त्यांना दिसलं, की आपण अंतराळात आहोत, खाली सिलोन आणि पुढे हिंदुस्थानचा भूभाग आहे आणि काळ्या पाषाणात कोरलेल्या एका मंदिराच्या दाराशी एक हिंदू पद्मासन घालून बसला आहे. आत गेलो की आपण कोण, कुठून आलो, याचं उत्तर मिळणार, अशी त्यांची खात्री झाली. तेवढ्यात त्यांना मागे फिरावं लागलं. बंगालच्या उपसागराच्या काठी तशी कोरलेली मंदिरं आपण पाहिली होती, हे त्यांनीच नंतर नमूद केलं आहे. प्रवासातली आठवण, आजारलेलं हृदय, औषधं या सगळ्यांतून मेंदूने ते दृश्य उभं केलं असावं, असं आजचे डॉक्टर म्हणतील. युंग यांना मात्र ते अखेरपर्यंत स्वप्नाहून अधिक खरं वाटत राहिलं.

त्या आजारानंतरचं एक स्वप्न तर या लेखाच्या विषयाचं टोकच म्हणावं लागेल. डोंगराळ वाटेवर एक छोटं प्रार्थनाघर. आत एक योगी ध्यानात बसलेला. जवळ जाऊन पाहिलं तर त्याचा चेहरा युंग यांचाच. ते दचकून जागे झाले. मनात आलं, की हा ध्यान लावून मला स्वप्नात पाहतो आहे. हा जागा झाला की मी नसेन. म्हणजे मी स्वप्नात दुसरा होतो की त्या दुसऱ्याच्या स्वप्नात मी आहे? आपल्या ओळखीचं मूळ जागेपणच्या ‘मी’हून खोल असतं, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. पूर्वजन्माचा पुरावा म्हणून त्यांनी ते मांडलं नाही. उतारवयात पुनर्जन्माच्या प्रश्नाकडे ते ओढले गेले, तरी हाती पुरावा नाही, हे त्यांनी कबूल केलं आणि प्रश्न उघडा ठेवला. ६ जून १९६१ रोजी क्युसनाख्टच्या घरी त्यांचं निधन झालं. या आठवणी त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर सांगितल्या आणि सहकारी अनिएला याफे यांनी त्या लिहून काढल्या. त्यामुळे बारा वर्षांच्या कार्लला नेमकं काय वाटलं होतं, यात वृद्ध युंग यांचीही भर असणार, हे लक्षात ठेवायला हवं.

आज विज्ञान काय सांगतं?

युंग हयात असतानाच, १९५३ मध्ये, शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा शोधला. त्यात बंद पापण्यांआड डोळ्यांची भरभर हालचाल होते, म्हणून त्याला रेम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने तो येतो आणि प्रौढ माणसाच्या झोपेचा वीस ते पंचवीस टक्के भाग व्यापतो. सर्वांत ठसठशीत स्वप्नं बहुधा याच टप्प्यात पडतात. रात्र सरते तसा हा टप्पा लांबत जातो. पहाटेची स्वप्नं लांबलचक असतात आणि लक्षात राहतात ती यामुळे. ती खरी होतात म्हणून नव्हे.

रेम झोपेत भावनांशी निगडित असलेला अमिग्डला हा मेंदूचा भाग जोमात असतो. तर्क करणाऱ्या, खरं-खोटं पडताळणाऱ्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या काही भागांचं काम मंदावलेलं असतं. त्यामुळे भीती, माया, विरह तीव्र वाटतात, पण मी पुण्याचा असून इथे राजवाड्यात कसा, ही शंका येत नाही. शरीराचे बहुतेक स्नायू तेव्हा शिथिल केलेले असतात. हार्वर्डचे ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी १९७७ मध्ये मांडलं, की मेंदूच्या तळाकडून येणाऱ्या विस्कळीत संदेशांची मेंदू कशीबशी गोष्ट जुळवतो, तेच स्वप्न. ही गोष्ट जुळवायला सूत लागतं ते मात्र आपल्याच आठवणींचं आणि काळज्यांचं. म्हणून स्वप्नातून भविष्य कळलं नाही तरी आपल्याविषयी थोडंफार कळू शकतं.

म्हणजे दुसरंच कुणी होऊन जगल्याचं स्वप्न पडणं हे एरवी आजाराचं लक्षण नाही. सकाळी उठल्यावर ते चार ओळींत लिहून ठेवा. कोणती भावना सगळ्यात तीव्र होती, अलीकडे काय पाहिलं-वाचलं होतं आणि स्वप्नातल्या त्या माणसाचं काय हेवा वाटण्याजोगं होतं, हे टिपा. स्वप्नाच्या भरवशावर नोकरी, लग्न किंवा पैशाचा निर्णय घेऊ नका. संमोहनाने ‘मागचा जन्म’ दाखवणाऱ्यांपासून सावध राहा; संमोहनात रचलेल्या आठवणीही खऱ्यासारख्याच वाटतात, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे.

काही वेळा मात्र डॉक्टरांना भेटायलाच हवं. दिवसाही आपण दुसरेच कुणी आहोत असं वाटत राहणं, मधल्या वेळेचं काहीच न आठवणं, आवाज ऐकू येणं, ही लक्षणं मनोविकारतज्ज्ञांना सांगायची आहेत. अपघात किंवा अत्याचारानंतर तेच भयंकर स्वप्न वारंवार पडून झोपेचीच भीती बसली असेल, तर जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलून त्याचा सराव करण्याची उपचारपद्धती उपयोगी पडते. झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणं, लाथा मारणं, पलंगावरून पडणं असं होत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा; पार्किन्सनसारख्या आजाराची ती कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर गटातली औषधं, नैराश्यावरच्या आणि पार्किन्सनवरच्या काही गोळ्या यांनीही स्वप्नं गडद होतात. दारू एकाएकी बंद केल्यावरही तसं होतं. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांशी बोला. आणि स्वप्नामुळे स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला, तर ती रात्र एकट्याने काढू नका. घरातल्या कुणाला तरी लगेच उठवा.